टीएनआय फॉर्म की स्किल मॅट्रिक्स? कारखान्यात ट्रेनिंगची गरज शोधताना

गाडीच्या पार्ट्सचं मशीनिंग किंवा असेंब्ली करणारा शे-दोनशे माणसांचा कारखाना आणि ट्रेनिंगचं काम नुकतंच तुमच्याकडे आलेलं, असं धरून हे लिहितोय. अप्रेझल आटोपलं की वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर करायचं असतं. कोणाला काय शिकवायचं हे शोधायचं कसं, हा त्यातला पहिला प्रश्न. सगळ्या विभागांना टीएनआय फॉर्म (ट्रेनिंग नीड आयडेंटिफिकेशन, म्हणजे कोणाला कोणतं ट्रेनिंग हवं ते विचारणारा कागद) पाठवायचे, की लाइनवर स्किल मॅट्रिक्स (कोणाला कोणतं काम किती जमतं याचा तक्ता) चालवायची? चाकण-भोसरीच्या पट्ट्यात मी दोन्ही पद्धतींनी काम केलं आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण दुसऱ्या पद्धतीचे गुणही मला मनापासून मान्य आहेत.

दोन्हींचे नमुने तुम्ही पाहिले असणारच. निवड करण्याआधी एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. फॉर्ममधून निघालेलं ट्रेनिंग बहुतेक वेळा वर्गात होतं आणि शेवटी फीडबॅक शीट भरून घेतली जाते. मॅट्रिक्समधून निघालेलं ट्रेनिंग मशीनपाशी किंवा डोजोत (कारखान्यातल्या सरावाच्या खोलीत) होतं आणि माणसाला ते काम जमायला लागलं का, हे लाइनवर जाऊनच बघावं लागतं. म्हणजे गरज शोधायची पद्धत ठरवताना मूल्यमापनाची पद्धतही अर्धीअधिक ठरून जाते.

ऑडिटच्या धास्तीनं मात्र निर्णय घेऊ नका. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता मानकातलं ७.२ हे कलम एवढंच सांगतं की कामाला लागणारी पात्रता ठरवा, ती माणसात आहे याची खात्री करा, कमी पडत असेल तर उपाय करा, तो उपाय लागू पडला का ते तपासा आणि पुरावा ठेवा. फॉर्म वापरा की मॅट्रिक्स, याबद्दल त्यात काहीही नाही. माझ्या अनुभवात ऑडिटर दोन्ही चालवून घेतात. ते अडतात पुढच्या प्रश्नाशी: हे ट्रेनिंग उपयोगी पडलं हे तुम्ही कशावरून म्हणता?

आधी फॉर्मबद्दल. खरेदी, अकाउंट्स, प्लॅनिंग, डिझाइन, मेंटेनन्स या मंडळींसाठी मला आजही फॉर्मच बरा वाटतो. त्यांच्या कामाचे तुकडे पाडून चौकटीत बसवणं कठीण आणि बरेचदा निरर्थक. प्लॅनिंगच्या माणसाला ईआरपीत (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नेमकं कुठे अडतं, मेंटेनन्सच्या इंजिनिअरला नव्या मशीनच्या पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) काय कळत नाही, डिझाइनच्या मुलीला जीडी अँड टीमधलं (ड्रॉइंगवर आकार आणि सूट दाखवायच्या चिन्हांच्या पद्धतीतलं) कोणतं चिन्ह लावताना खात्री नसते, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक असतं. फॉर्म निदान त्यांना विचारतो, आणि विचारलं गेल्याचा माणसावर चांगला परिणाम होतो. शिवाय खर्च जवळजवळ नाही. गुगल फॉर्म पाठवला, दोनदा आठवण केली, उत्तरं हातात. ट्रेनिंगचं काम एकट्या माणसाच्या गळ्यात असेल तर ही सोय लहान नाही.

फॉर्मचा नेहमीचा दोष सगळ्यांना माहीत आहे: लोक गरजेऐवजी कोर्सचं नाव लिहितात. कम्युनिकेशन स्किल, लीडरशिप, अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल, फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत). विभागप्रमुखाच्या टेबलावर फॉर्मचा गठ्ठा एकदम येतो आणि पहिल्या फॉर्मवरचं उत्तर शेवटच्या फॉर्मपर्यंत जातं. पण हा दोष निवारता येतो. फॉर्म हातात घेऊन माणसाशी दहा मिनिटं बोललं की खरी अडचण बाहेर येते. एवढ्यावरून मी फॉर्म सोडला नसता.

मला खटकत राहिली ती वेगळीच गोष्ट. पार्ट ज्यांच्या हातून बनतो, ती माणसं फॉर्ममध्ये नसतातच.

टीएनआय फॉर्म अप्रेझलला जोडलेला असतो आणि अप्रेझल असतं कंपनीच्या रोलवरच्या माणसांचं. रात्रपाळीला लाइनवर एक फेरी मारा. मशीनपुढे उभी असलेली बरीचशी मुलं कंत्राटदाराची असतात, काही ट्रेनी, काही अप्रेंटिस. कोणी बीड-लातूर-नांदेडकडून आयटीआय करून आलेला, कोणी बिहार किंवा ओडिशातून. यांचा फॉर्म कोणी भरायचा? कंत्राटदाराच्या सुपरवायझरला कामातलं बारीक माहीत नसतं आणि कंपनीच्या सुपरवायझरच्या दृष्टीनं ती त्याची माणसं नसतात. अप्रेंटिसशिप वर्षभराची असेल, तर वर्षातून एकदा फिरणारा फॉर्म निघेपर्यंत तो मुलगा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. मी या मुलांसाठी वेगळा फॉर्म काढून पाहिला. सुपरवायझरनं सगळ्यांपुढे एकच ओळ लिहून दिली: सेफ्टी, फाइव्ह एस, क्वालिटी अवेअरनेस. त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार? त्याला तर कोणी नावानिशी माणूस आणि मशीन जोडून विचारलंच नव्हतं.

वर्षाअखेर कॅलेंडर पूर्ण झालेलं असायचं, ट्रेनिंगच्या तासांचा आकडाही चांगला दिसायचा. तरी ज्या स्टेशनवरून ग्राहकाची तक्रार यायची, तिथल्या एकाचंही नाव त्या कॅलेंडरमध्ये नसायचं. हे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि माझ्यापुरता निर्णय झाला. हा माझा एकट्याचा हट्टही नव्हे. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात ऑन द जॉब ट्रेनिंगच्या कलमात कंत्राटी आणि एजन्सीच्या माणसांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मॅट्रिक्स हा प्रश्न मुळातच येऊ देत नाही, कारण ती स्टेशनपासून सुरू होते. वर स्टेशनं, डावीकडे नावं. नाव कोणाच्या रोलवर आहे, याच्याशी तिला कर्तव्य नाही. नवा मुलगा सकाळी पाळीवर आला की त्याच्या नावापुढे रिकामं वर्तुळ येतं आणि त्याला काय शिकवायचं ते त्याच दिवशी दिसतं. पाव वर्तुळ म्हणजे माहिती आहे, अर्धं म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे स्वतंत्रपणे करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कंपनीगणिक थोडा फरक असतो, पण ढाचा हाच.

एक उदाहरण सांगतो. बोअर (पार्टमधलं गोल भोक) फिनिशिंगच्या एका स्टेशनवर दुसऱ्या पाळीत बोअर लहान निघायचे. फॉर्मच्या वाटेनं गेलो असतो तर गरज आली असती ‘मेझरिंग इन्स्ट्रुमेंट्सचं ट्रेनिंग’. मग सगळ्या विभागाला वर्गात बसवून व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) यांवर दोन तासांचं व्याख्यान झालं असतं. आमच्या मॅट्रिक्समध्ये ‘बोअर गेज वापरणे’ असा वेगळा रकाना होता, म्हणून त्या पाळीतल्या प्रत्येकाला गेज हातात देऊन करून दाखवायला सांगितलं. एका मुलानं मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या नमुना कड्यावर) शून्य अगदी बरोबर लावलं. बोअरमध्ये मात्र गेज घातल्या घातल्या दिसेल तो आकडा तो वाचत होता. गेज हलकेच डुलवायचं, काटा जिथून परततो तो सर्वांत कमी आकडा घ्यायचा, हे त्याला कोणी दाखवलेलंच नव्हतं. गेज तिरकं असलं की व्यास असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. मोठा दिसला म्हणून तो मुलगा मशीनला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देऊन साइज कमी करायचा, आणि पुढचे पीस खरोखरच लहान निघायचे. शिकवायला पाव तास लागला, तोही मशीनपाशी. त्याच्या नावावर वर्गातल्या दोन तासांची नोंद झाली असती, तरी हे हाताला लागलं नसतं असं मला वाटतं.

आता मॅट्रिक्सचे दोष, आणि ते किरकोळ नाहीत. ती फार सहज खोटी होते. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात वर्तुळं भराभर काळी होतात. सुपरवायझरच्या जवळच्या माणसाचं पाऊण वर्तुळ लवकर होतं, अबोल मुलाचं राहून जातं. एखादा माणूस कित्येक महिने त्या स्टेशनवर गेलेला नसला तरी त्याचं पूर्ण वर्तुळ तसंच राहतं, कारण खोडायला कोणी धजत नाही. यावर मला एकच उपाय उपयोगी पडलेला दिसला: अर्ध्याचं पाऊण वर्तुळ सुपरवायझरनं करायचं नाही, क्वालिटीच्या माणसानं समोर काम करून घेऊन करायचं. व्हिज्युअल इन्स्पेक्शनच्या स्टेशनवर चांगले आणि खोटवाले पीस मिसळून द्यायचे. कोणता कसला हे फक्त क्वालिटीला माहीत. तेच पीस काही तासांनी क्रम बदलून पुन्हा द्यायचे. दोन्ही वेळा निवड बरोबर आली तरच वर्तुळ भरायचं.

दुसरी अडचण माणसांच्या मनाची आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. मॅट्रिक्स भिंतीवर लागते. आयुष्यभर कन्व्हेन्शनल लेथवर हात बसलेल्या काकांच्या नावापुढे सीएनसीच्या (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनच्या) रकान्यात पाव वर्तुळ, आणि कालच्या पोराच्या नावापुढे पाऊण. ते काका रोज त्या भिंतीवरून जातात. त्यांना काय वाटत असेल, याचा विचार न करता कागद डकवणं मला बरोबर वाटत नाही. आम्ही ज्येष्ठांची पूर्ण वर्तुळं आधी नोंदवली आणि त्या-त्या कामात नव्या मुलांना शिकवायची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. मग स्वतः सीएनसीवर शिकायला उभं राहणं त्यांना जड गेलं नाही. मॅट्रिक्सवरून इन्क्रिमेंट ठरणार, अशी कुजबुजही होतेच. काही ठिकाणी तशी सांगड घालतात आणि त्यांचा अनुभव चांगलाही असेल. पण निदान पहिलं वर्ष तरी पगाराचा संबंध जोडू नये असं मी सुचवेन, कारण पगार जोडला की कोणीही स्वतःहून ‘मला हे जमत नाही’ म्हणत नाही. मॅट्रिक्सला तर नेमकं तेच कळायला हवं असतं.

शिवाय तिला दर आठवड्याला हात लावावा लागतो. सुपरवायझरला तेवढा वेळ मिळणार नसेल तर सुरूच करू नका. जुनी पडलेली मॅट्रिक्स फॉर्मपेक्षा वाईट, कारण तिच्यावर विसंबून माणूस मशीनवर उभा केला जातो.

मूल्यमापनाकडे येतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये लेखमालेतून मांडलेल्या चार पायऱ्या या कामातल्या प्रत्येकानं ऐकलेल्या असतात: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. फीडबॅक शीट पहिल्या पायरीवर थांबते. आपली माणसं भिडस्त. पाहुण्या ट्रेनरला पाचपैकी तीन गुण देणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं, मग सगळीकडे चार आणि पाच. तरी शीट टाकून देऊ नका. शिकवणं मराठीत हवं होतं की हिंदीत, रात्रपाळी करून आलेल्यांना सकाळी बसवलं होतं का, हे तिच्यातूनच कळतं. वर्गाआधी आणि वर्गानंतर छोटी चाचणी घेतली की दुसरी पायरीही गाठता येते. फॉर्मवाल्या पद्धतीत यापुढे जायला वेगळा प्रयत्न लागतो. तीन महिन्यांनी विभागप्रमुखाला परिणामकारकतेचा कागद पाठवायचा आणि तो ‘समाधानकारक’ असं लिहून परत पाठवणार. मॅट्रिक्सला तिसऱ्या पायरीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण माणूस काम करताना दिसल्याशिवाय वर्तुळ भरता येत नाही.

चौथ्या पायरीबाबत दोन्ही पद्धतींनी नम्र राहावं. रिजेक्शन उतरलं ते ट्रेनिंगमुळे की नवा इन्सर्ट (कापणारं टोक) आला म्हणून, कास्टिंगचा लॉट चांगला होता म्हणून, की कूलंट बदललं म्हणून? मी संपूर्ण कारखान्याचा आलेख बघण्यापेक्षा ते स्टेशन, ती पाळी आणि तो माणूस एवढंच बघतो, आणि त्या काळात तिथे आणखी काय बदललं ते मेंटेनन्सला आणि टूल रूमला विचारतो. याला पक्कं मोजमाप म्हणता येणार नाही, पण ‘कशावरून म्हणता’ या ऑडिटरच्या प्रश्नाला यातून प्रामाणिक उत्तर देता येतं.

तुमच्याकडे ऑफिसची आणि इंजिनिअर मंडळी जास्त असतील, किंवा लाइनवरची माणसं वर्षानुवर्षं तीच असतील, तर फॉर्म ठेवायला माझी हरकत नाही. लाइनवर कंत्राटी आणि नवी मुलं निम्म्याच्या आसपास असतील तर मात्र मी मॅट्रिक्सकडेच जाईन. सगळा कारखाना एकदम घेऊ नका. ज्या लाइनवरून सर्वांत जास्त तक्रारी येतात ती एक निवडा, आणि रकाने फक्त अशा कामांचे ठेवा ज्यातली चूक थेट ग्राहकापर्यंत पोचते. पहिली वर्तुळं दिवसपाळीवरून भरू नका. रात्रपाळीला स्वतः जाऊन भरा, कारण नवी मुलं तिथेच जास्त असतात. ऑफिसचा फॉर्म चालू राहू द्या, फक्त त्यातला ‘कोणतं ट्रेनिंग हवं आहे’ हा रकाना काढून त्याजागी ‘गेल्या तीन महिन्यांत कोणतं काम अडलं’ असं विचारा.