चामडी चेंडूवर नाव: लेझर की पॅड प्रिंटिंग?

भेट द्यायच्या चेंडूवर नाव कोरावं की छापावं? आधी चेंडू खरंच चामड्याचा आहे का ते बघा. पीव्हीसीवर (नकली चामड्याच्या प्लास्टिकवर) लेझर मारला की विषारी, आम्लयुक्त वायू निघतो. तिथे विषयच संपला.

टिकण्यात लेझर सरस. वरचा थर जळून अक्षर आत उतरतं, सहज पुसलं जात नाही. पण रंग मिळत नाही, आणि गोलाईमुळे कडेची अक्षरं फोकसबाहेर जाऊन पुसट येतात. शिवणीवर लेझर गेला तर दोराच जळतो. पॅड प्रिंटिंगमध्ये मऊ सिलिकॉन पॅड कोरलेल्या प्लेटवरची शाई उचलून चेंडूवर उमटवतो. तो गोलाईवर छान बसतो, रंगही हवा तो. मात्र खेळताना शाई झिजते.

खर्च? छपाईला प्रत्येक डिझाइनची प्लेट करावी लागते, लेझरला फाइल पुरते.

कपाटात ठेवायचा एकच चेंडू, छोटं नाव असेल तर लेझर. एकाच रंगीत लोगोचे ढीगभर चेंडू हवे असतील तर छपाईच.