टाइप १ मधुमेह, दंडावरचा सेन्सर आणि लांब पल्ल्याची धाव: नऊ महिने वापरल्यावर

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. वय ४१. बाविसाव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला, म्हणजे इन्सुलिन घेऊन १९ वर्षं झाली. रात्री एकदा लाँग अ‍ॅक्टिंग, म्हणजे हळूहळू दिवसभर पुरणारं, प्रत्येक जेवणाआधी रॅपिड, म्हणजे लगेच काम करणारं, दोन्ही पेननं. पंप नाही. धावायला लागून चार वर्षं झाली आणि त्यातली पहिली तीन मी ग्लुकोमीटरवर काढली. निघताना एकदा बोट टोचायचं, पाच किलोमीटरला थांबून एकदा, घरी आल्यावर एकदा. तेवढ्यावर दहा किलोमीटरच्या पुढे जायची हिंमत कधी झाली नाही. गेल्या जूनमध्ये पहिला चौदा दिवसांचा सेन्सर लावला. आज दंडावर एकोणिसावा आहे आणि मधल्या काळात एक अर्ध मॅरेथॉन पूर्ण झाली.

हे लिहिताना डोळ्यांपुढे एकच माणूस आहे. ज्याला इन्सुलिन लागतं, ज्याला धावायचंय, आणि वाटेत शुगर पडेल या भीतीनं जो बूट घालून पुन्हा काढून ठेवतो. मी तशी बरीच वर्षं होते.

सेन्सर म्हणजे दंडाच्या मागे चिकटणारी नाण्याएवढी चकती. तिचा बारीक तंतू कातडीखाली राहतो आणि पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजून फोनवर पाठवतो. रक्तातली नाही, पेशींभोवतीची. रक्तातला बदल तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. खुर्चीत बसून काम करताना हा फरक कळतही नाही. धावताना तो किती मोठा असतो, हे मला ऑगस्टमध्ये अकोटा पुलावर कळलं.

त्या दिवशी बारा किलोमीटर झाले होते. सौर पॅनलांच्या छताखालून धावत होते, फोनवर ९६ आणि शेजारी खाली झुकलेला बाण, म्हणजे शुगर उतरत होती. ९६ म्हणजे चांगली शुगर, घर दोन किलोमीटरवर, जाऊन पोचू असं वाटलं. पण ओठ बधिर व्हायला लागले होते आणि ती माझी जुनी खूण आहे. थांबून बोट टोचलं तर ६८. पंधरा ग्रॅम ग्लुकोज घेतलं आणि कडेला बसून राहिले. पंधरा मिनिटांनी फोन म्हणत होता ७१, बाण अजून खालीच. मीटरवर ९४. त्या क्षणी फोनवर विश्वास ठेवून मी आणखी ग्लुकोज घेतलं असतं तर घरी पोचेपर्यंत शुगर अडीचशेवर गेली असती आणि मग ती उतरवायला इन्सुलिन, आणि मग पुन्हा लो, म्हणजे शुगर धोक्याइतकी खाली. सेन्सर पडतानाही उशिरा सांगतो आणि सावरतानाही उशिराच. हे ज्याला समजलं त्याला त्याचा उपयोग आहे. धावताना मी आकड्याकडे नंतर बघते, बाणाकडे आधी. तिरका खाली असेल तर ग्लुकोजच्या पाण्याचे दोन घोट, सरळ खाली असेल तर आकडा १३० असला तरी थांबून ग्लुकोज. आणि लो मानून काही खाल्लं की पुढचा अर्धा तास फक्त मीटर. म्हणून मीटर आजही कमरेच्या पट्ट्यात असतो. सेन्सर आला म्हणून तो घरी ठेवू नका.

मीटरचीही एक गोष्ट सांगून ठेवते. एकदा खजूर खाऊन त्याच बोटाला टोचलं आणि २१४ आलं. पाण्यानं बोट धुऊन पुन्हा बघितलं, ८८. बोटावरची साखर रक्तात मिसळून आकडा फुगवते. तेव्हापासून पाण्याची छोटी बाटली वेगळी ठेवते, प्यायला नाही, बोट धुवायला.

आता ज्यासाठी मला सेन्सरचे पैसे वसूल झाले असं वाटतं ते सांगते. तीन वर्षं मी समजत होते की शुगर अंतरामुळे पडते. जास्त पळालं की जास्त पडणार. सेन्सरचा आलेख महिनाभर रोज बघितल्यावर दिसलं की गोष्ट वेगळीच आहे. सकाळी पावणेसहाला उपाशी पोटी कमाटीबागेत आठ किलोमीटर धावले तर रेघ जवळजवळ सपाट राहते, कधी वर सरकते. तेच संध्याकाळी सहाला त्याच वाटेनं, त्याच वेगानं धावले तर चौथ्या किलोमीटरला घसरगुंडी. फरक होता साडेचारच्या चहाबरोबरच्या भाकरवडीचा, म्हणजे खरं तर भाकरवडीसाठी घेतलेल्या तीन युनिटचा.

रॅपिड इन्सुलिन एक-दोन तासांनी सगळ्यात जोरात काम करतं आणि तीन ते पाच तास अंगात राहतं. धावताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात. ज्यांचं स्वादुपिंड नीट चालतं, त्यांच्यात ते अशा वेळी आपणहून इन्सुलिन आवरतं घेतं. आम्ही पेननं टोचलेलं परत कसं घेणार? ते आपलं काम करत राहतं, स्नायू आपलं, आणि दोघं मिळून शुगर खाली नेतात. पहाटे अंगात फक्त रात्रीचं इन्सुलिन असतं. शिवाय त्या वेळी कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढलेले असतात, त्यामुळे यकृत साखर सोडत असतं. प्रश्न किती किलोमीटर हा नव्हताच, निघताना अंगात किती इन्सुलिन शिल्लक आहे हा होता. डॉक्टरबाई हे दोन वर्षं सांगत होत्या. माझ्या डोक्यात शिरलं ते त्या रेघा शेजारी शेजारी बघून.

त्यानंतर लांबची धाव पहाटेच. संध्याकाळी धावायचंच असेल तर चार वाजता इन्सुलिन लागेल असं काही खात नाही. धावण्याआधी दीड-दोन तासांत खायचं असेल तर त्या खाण्याचं इन्सुलिन निम्मं घेते. हे निम्मं माझ्यासाठी डॉक्टरांबरोबर बसून ठरवलेलं आहे. कोणाला पाऊण कमी करावं लागतं, कोणाला पावच, धाव किती लांब आणि किती जोरात यावर ते ठरतं. आणि धावण्याआधीचं इन्सुलिन मांडीला टोचू नका, पोटाला टोचा. पळणाऱ्या पायातून ते लवकर शोषलं जातं.

निघताना शुगर १२६ ते १८० मध्ये असावी असं मला सांगितलंय. २०१७ साली ‘लॅन्सेट डायबिटीज अँड एंडोक्रायनॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी मिळून टाइप १ मधल्या व्यायामाबद्दल जी मतं मांडली त्यातही हाच पट्टा आहे. ९० च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज, मग थांबून पुन्हा बघायचं. २७० च्या वर असेल आणि का वाढली ते कळत नसेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं) तपासल्याशिवाय बूट घालायचे नाहीत.

वाटेतलं खाणं. एका तासाच्या वरच्या धावेला मला तासाला चाळीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात. साधारण तीस ते साठमध्ये बहुतेकांचं बसतं असं म्हणतात, आपलं आपण शोधायचं. अर्धा लिटर पाण्यात तीस ग्रॅम ग्लुकोज पावडर आणि चिमूटभर मीठ, दर वीस मिनिटांनी घोट घोट. खिशात चार खजूर. पार्ले-जीचं एक बिस्किट चार ग्रॅमच्या जवळपास असतं म्हणून हिशोबाला सोपं, पण तोंड कोरडं असताना गिळत नाही. चॉकलेट लोवर कधीही नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. ग्रुपमधल्या एका काकांनी प्रेमानं चिक्की दिली होती, शेंगदाण्याची. लो असताना तीही तितकीच हळू. ती मी धाव संपल्यावर खाते, आणि त्यांना तसं सांगितलंय. तेव्हापासून ते स्वतःच्या खिशात माझ्यासाठी ग्लुकोजची पुडी ठेवतात. याच काकांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, ‘बेन, आ हाथ पर शुं लगाव्युं छे?’ त्या दिवशी सगळ्या ग्रुपला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. बरोबर धावणाऱ्यांना माहीत असणं हे कुठल्याही यंत्राइतकंच महत्त्वाचं आहे.

वेगाच्या सरावाला उलट होतं. एक किलोमीटर जोरात, मग चालणं, असे चार फेरे मारले की माझी शुगर चाळीस-पन्नासनं वर जाते. अ‍ॅड्रेनलिन यकृताला साखर सोडायला लावतं. सुरुवातीला ती वाढ बघून मी घाईनं दोन युनिट घ्यायची आणि अकरा वाजता ऑफिसात थरथरत बसायची. आता तासभर काही करत नाही. बहुतेक वेळा ती आपोआप उतरते.

रात्रीबद्दल लिहायला हवं, कारण भीती खरी तिथे असते. लांब धावेनंतर स्नायू रिकामी झालेली साठवण भरत राहतात आणि इन्सुलिन चोवीस तासांपर्यंत जास्त जोरानं लागू पडतं. सप्टेंबरमध्ये १६ किलोमीटर झाले त्या रात्री दोन चाळीसला अलार्म वाजला. मला जाग आली नाही. सासूबाईंना आली. आमच्या घरात माझे आकडे दोन फोनवर दिसतात, नवऱ्याच्या आणि आईंच्या. आईंना इंग्रजी येत नाही पण बाण येतो. त्या ग्लुकोजचं पाणी करून घेऊन आल्या, मला उठवून पाजलं आणि पंधरा मिनिटं उशाशी बसून राहिल्या. मीटरवर ५८ होतं. सेन्सर नसता तर ती रात्र कशी गेली असती याचा मी फार विचार करत नाही. आता लांब धावेच्या रात्री लाँग अ‍ॅक्टिंग १६ ऐवजी १३ युनिट घेते आणि झोपताना दूध-पोळी खाते.

नवरात्रात हाच प्रकार रोज. तीन तास गरबा म्हणजे माझ्यासाठी पंधरा किलोमीटरची धाव, आणि त्यावर बारा वाजता जेवण. पहिल्या दोन रात्री शुगर पडल्यावर गरब्यानंतरच्या जेवणाचं इन्सुलिनही निम्मं केलं, मग उरलेल्या सात रात्री मनसोक्त खेळले.

सगळे अलार्म खरे नसतात. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की तिथलं रक्ताभिसरण दाबलं जातं आणि फोन ५५ दाखवतो. आलेखात तो अचानक पडलेला खड्डा असतो, कूस बदलली की भरून येतो. घरच्यांना तीन-चारदा उगाच धावपळ झाली. आता आधी कूस बदलायची, मग बोट टोचायचं, मग ग्लुकोज. लावल्यावर पहिला दिवसभर आकडे भरकटतात, त्या दिवशी लांब धाव ठेवत नाही. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी माझ्या सेन्सरचा आकडा फुगतो असं त्याच्या कागदावरच लिहिलंय, सर्दीत तेवढं लक्षात ठेवते.

तक्रारी आहेत. एकोणीसपैकी तीन मुदतीआधी गेले. दोन जुलैच्या घामात सुटून पडले, एक नवव्या दिवशी बंदच झाला. एकाचा बदली मिळाला, तोही चार फोन केल्यावर. पावसाळ्यात बडोद्याच्या हवेत नुसता डिंक टिकत नाही. लावण्याआधी कातडी स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्यायची आणि वरून खेळाडू लावतात ती ताणाची पट्टी, मधे भोक पाडून. ब्लाऊजच्या बाहीत अडकून एक निघता निघता राहिला, तेव्हापासून चकती थोडी मागे आणि वर लावते.

आणि पैसे. मला एक सेन्सर पाच हजारांच्या घरात पडतो, महिन्याला दोन. विम्यात काही मिळालं नाही. आमच्या घराला हा खर्च जाणवतो आणि अनेक घरांना तो झेपणारच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांना सतत शक्य नाही त्यांना माझं सांगणं असं की एकच सेन्सर घ्या, पण ते चौदा दिवस वाया घालवू नका. सकाळची धाव, संध्याकाळची धाव, खाऊन, उपाशी, जोरात, हळू, सगळं त्यात करून बघा आणि प्रत्येकाचं इन्सुलिन वहीत लिहा. ती वही पुढे मीटरबरोबरही वर्षभर कामाला येईल.

या हिवाळ्यात वडोदरा मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर धावले. नवलखी मैदानावर पोचले तेव्हा शुगर २३८ होती. नाश्ता तीन तास आधी, नेहमीचाच, नेहमीच्या इन्सुलिनसह. ही वाढ गर्दीची, ढोलाची, धडधडीची. हात पेनकडे गेला होता. वेगाच्या सरावाचे आलेख आठवले आणि पेन नवऱ्याकडे देऊन टाकलं. तिसऱ्या किलोमीटरला बाण खाली वळला, सातव्याला १७२, तिथून घोट घोट पीत राहिले. चौदाव्याला १२४ आणि तिरका बाण, दोन खजूर खाल्ले. शेवटी दोन तास एकोणचाळीस मिनिटं, शुगर १३७, मीटरवर १३३. छातीवरच्या नंबराच्या मागे ‘टाइप १ मधुमेह, इन्सुलिन घेते, शुद्ध हरपल्यास तोंडात काही घालू नका’ असं आणि नवऱ्याचा फोन लिहिला होता. आईंनी तो कागद आता देवघराच्या खणात ठेवलाय.

सध्याचा सेन्सर रविवारी पहाटे सहाला संपतोय आणि रविवारीच अठरा किलोमीटर आहेत. म्हणून नवा शुक्रवारी रात्रीच दुसऱ्या दंडावर लावणार, म्हणजे रविवारपर्यंत तो स्थिरावलेला असेल. जुन्याचा दीड दिवस वाया जाईल, जाऊ दे.