बोगद्यात न वाजलेलं गाणं

पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड ते कल्याण रोज ये-जा करणाऱ्याला गाण्याच्या अ‍ॅपकडून एकच गोष्ट हवी असते. इगतपुरी सुटल्यावर थळ घाटातल्या बोगद्यांत गाणं तुटू नये. म्हणजे डाउनलोड हवं, आणि डाउनलोड म्हटलं की बहुतेक ठिकाणी पैसे भरा. मी विंक या गाण्याच्या अ‍ॅपवर भागवत होतो. 2024 मध्ये ते बंद झालं आणि माझी शोधाशोध सुरू झाली.

पासधारकांच्या डब्यातल्या एका ओळखीच्याने टेलिग्रामवरचा ग्रुप दाखवला. एका नामांकित अ‍ॅपचं 'लाइफटाइम प्रीमियम' फक्त 499 रुपयांत. जाहिराती नाहीत, हवी तेवढी डाउनलोड, 320 केबीपीएस म्हणजे वरच्या दर्जाचा आवाज. पैसे पाठवले, बदल्यात एपीके फाइल आली, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून अ‍ॅप टाकायची फाइल. ती टाकताना फोनने धोक्याची सूचना दिली. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, "दादा, प्ले प्रोटेक्ट बंद करा, गुगल सगळ्यांनाच घाबरवतं." प्ले प्रोटेक्ट म्हणजे धोकादायक अ‍ॅप पकडणारी गुगलची तपासणी. केली बंद. 499 तर आधीच गेले होते ना!

चार दिवस मजेत गेले. जाहिराती खरंच गायब. पाचव्या दिवशी घाटात शिरलो आणि हिरवी खूण असलेलं, 'डाउनलोड झालेलं' गाणं पहिल्याच बोगद्यात बंद पडलं.

तिथेच थांबायला हवं होतं. कारण जाहिरात दाखवायची की नाही, गाणं वगळून पुढे जाऊ द्यायचं की नाही, या गोष्टी बऱ्याचदा फोनमधल्या अ‍ॅपच्या हातात असतात, त्यामुळे त्यात फेरफार करता येतो. डाउनलोडचं तसं नाही. ती फाइल कुलूपबंद येते, आणि किल्ली कंपनीच्या सर्व्हरकडून पैसे भरलेल्या खात्यालाच मिळते. स्पॉटिफायवर तर 30 दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी जातात. 320 केबीपीएसचंही तेच, सर्व्हरने तसा आवाज पाठवलाच नाही तर अ‍ॅप काय करणार? पाच मिनिटांच्या गाण्याला 320 वर साधारण 12 एमबी लागतात. मी नंतर डेटा वापर बघितला, तर गाण्यामागे त्याच्या निम्मेही जात नव्हते. उलट रात्री, फोन उशाशी पडलेला असताना, तेच अ‍ॅप डेटा वापरत होतं!

पण हे सगळं नंतरचं शहाणपण. त्या दिवशी मी विक्रेत्याकडे तक्रार केली आणि त्याने तत्परतेने 'डाउनलोड फिक्स' पाठवला. त्या फिक्सने एसएमएस वाचायची, सूचना बघायची आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली. गाणी वाजवायला एसएमएस कशाला, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण गाडी कल्याणला आली होती, उतरायची घाई होती. होय, होय, होय करत गेलो.

दोन दिवसांनी खात्यातून 4,999 आणि मग 19,500 गेले. ओटीपीचे मेसेज इनबॉक्समध्ये होते, वाचलेले म्हणून दिसत होते. स्क्रीनवर सूचना मात्र एकदाही आली नव्हती. अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली की अ‍ॅपला तुमची स्क्रीन वाचता येते, तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात.

बायकोच्या फोनवरून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, बँकेला सांगून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करवलं. माझा फोन फ्लाइट मोडवर. अ‍ॅप काढायला गेलो तर सेटिंगचं पान आपोआप मागे जायचं. शेवटी महत्त्वाच्या स्क्रीनचे फोटो बायकोच्या फोनवर काढून ठेवले आणि सगळा फोन रिसेट केला.

बँकेत रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाचा विषय निघाला. त्यानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा येत नव्हता. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच मानलं जायचं. परवानग्या मीच दिल्या होत्या. साहेब सज्जन होते, पण त्यांचा चेहरा सगळं सांगत होता.

आता महिन्याचे पैसे भरून अधिकृत अ‍ॅप वापरतो, बोगद्यात गाणं वाजतं. ज्याने तो ग्रुप दाखवला तो समोरच्याच सीटवर बसतो, त्याच्या फोनवर अजून तीच फाइल आहे. सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "माझ्या खात्यात आहे काय न्यायला?" आणि इयरफोन पुन्हा कानात घातले.