जुन्या कॉमिक्सच्या मुखपृष्ठांसाठी पाकीट, पुठ्ठा, डबा: दिवाळी ते पोळा वापरल्यानंतर

आधी निकाल. पाकीट घ्या, पुठ्ठा तपासून घ्या, डबा घेऊ नका.

संच असा होता: पॉलिप्रॉपिलीनची 100 पाकिटं (50 मायक्रॉन), अंकामागे घालायला, आम्लमुक्त म्हणून विकलेले तेवढेच पुठ्ठे आणि कोरुगेटेड पुठ्ठ्याचा एक लांबट डबा. वापर गावातल्या वाचनालयात झाला. अंक इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथा आणि चांदोबाचे. खोलीवर टिन, मार्चअखेरपासून कूलर, मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल. विदर्भातल्या बहुतेक गावांत साधारण असंच असतं, त्यामुळे पुढचं सगळं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

इतका खटाटोप मुखपृष्ठासाठी का, हा प्रश्न येतोच. इंद्रजाल 1964 च्या मार्चमध्ये सुरू झालं. आतल्या पानांवर होत्या त्या अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आधी छापलेल्या चित्रपट्ट्या. ली फॉक यांचा वेताळ (फँटम) तिथे 1936 पासून रोज पट्टीत यायचा, आणि पट्टीला मुखपृष्ठ नसतं. मासिकाच्या आकारात अंक काढायचा तर मुखपृष्ठ इथेच नव्यानं रंगवावं लागे. ते काम वर्षानुवर्षं केलं गोविंद ब्राह्मणिया यांनी. पुढे 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, तोही त्यांनीच चितारला. म्हणजे वेताळाच्या अंकात इथल्या हातानं, इथल्या वाचकासाठी काढलेला कागद मुख्यतः एकच, आणि नेमका तोच आधी जातो. पिनेपाशी फाटतो, नाहीतर बाइंडिंगवाला काढून टाकतो आणि आतली पानं शिवून देतो.

मुखपृष्ठाचा चित्रकार आणि आतला चित्रकार एकच असेल असं कधी धरू नका. स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो ॲमेझिंग फॅंटसीचा 15 वा अंक, ऑगस्ट 1962 चा. आतली कथा स्टीव्ह डिटको यांची, पण मुखपृष्ठाचं रेखाटन जॅक कर्बी यांचं. डिटकोंनी आधी काढलेलं मुखपृष्ठ नाकारलं गेलं होतं आणि कर्बींच्या रेखाटनावर शाईकाम मात्र डिटकोंनीच केलं. अमेरिकेतल्या गोल्ड की कंपनीच्या वेताळ-अंकांवर जॉर्ज विल्सन यांची रंगवलेली चित्रं आहेत, आत बिल लिग्नांटे. अमर चित्र कथेत राम वाईरकर, प्रताप मुळीक, युसूफ बंगलोरवाला, दिलीप कदम ही नावं आत श्रेयात सापडतात, पण ते श्रेय आतल्या पानांचं असू शकतं. पुनर्मुद्रणात काही मुखपृष्ठं बदललीही आहेत. त्यामुळे कोणती आवृत्ती हातात आहे ते ठरवायला मुखपृष्ठावरची किंमत नोंदवून ठेवणं फार उपयोगी पडतं. चांदोबाच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात तेलुगू लिपीतली दोन अक्षरं दिसली तर ती ‘वपा’, म्हणजे वड्डादि पापय्या. विक्रम-वेताळाची आतली चित्रं शंकर यांची. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी ती दोन अक्षरं नक्षी समजून सोडून दिली.

आता पाकीट. पहिली चूक आकारात होते. विक्रेते अमेरिकन नावं वापरतात: करंट सुमारे 17.5 सेंमी रुंद, सिल्व्हर 18, गोल्डन 19.5. आपले अंक 18 सेंमीच्या आसपास भरतात, म्हणून ‘सिल्व्हर’ बरोबर वाटतं आणि तिथेच फसगत होते. अंकाची रुंदी, अधिक जाडी, अधिक पुठ्ठ्याची जाडी, अधिक 4-5 मिमी मोकळीक, एवढी पाकिटाची रुंदी हवी. घट्ट पाकिटात अंक सरकवताना खालचे कोपरे दुमडतात, आणि चित्रकाराची सही बहुधा तिथेच असते. गोल्डन घ्या. चांदोबाचा अंक जाड, त्याला त्याहून एक माप मोठं.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची जात. पाकिटावर काहीही छापलेलं असो, एक तुकडा कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. पॉलिएस्टरही बुडतं आणि ते तर उत्तम असतं, म्हणून बुडलेल्या तुकड्याची दुसरी परीक्षा घ्यावी लागते: तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. हे अंगणात, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून करा, धूर वाईट असतो. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी फाइल-पाकिटं बहुतेक पीव्हीसीची असतात. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ उन्हाळ्यात बाहेर येतो, शाई प्लास्टिकला चिकटते आणि वर्षा-दोन वर्षांनी ओढलं की वेताळाचा चेहरा पाकिटावर येतो. या संचातली पाकिटं तरंगली.

खोट निघाली ती झाकणाच्या चिकटपट्टीत. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद खोलीत ठेवलेल्या पाकिटांची पट्टी ओघळली. अंक बाहेर काढताना मुखपृष्ठ त्या पट्टीला घासलं की वरचा थर सोलून निघतो, आणि यावर इलाज नाही. उपाय सोपा आहे: पाकीट वापरण्याआधीच पट्टी कात्रीनं कापून टाका, झाकण नुसतं पुठ्ठ्यामागे दुमडा. सेलोटेप तर मुळीच नको. हवा थोडी खेळते हेही बरं, ठार बंद पाकिटात अडकलेली ओल बाहेर जात नाही.

अंक कधी भरायचे हे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात महत्त्वाचं. आखाड-श्रावणात भरले तर कागदातली ओल आत कोंडते, महिन्याभरात तपकिरी ठिपके दिसतात आणि पिनेला गंज चढतो. मे महिन्यात भरले तर उलटी पंचाईत: हवा इतकी कोरडी की जुना न्यूजप्रिंट पापडासारखा होतो आणि घडीवर तुटतो. दिवाळी ते होळी हा काळ योग्य. कापसाच्या गावात मात्र जिनिंग जवळ असेल तर खिडक्या लावून काम करा. पॉलिप्रॉपिलीनवर स्थिर वीज जमते आणि हवेतले रेचे (कापसाचे तंतू) आत खेचले जातात, ते काढताना वैताग येतो. आधी पाकिटावरून ओलसर सुती फडका फिरवून ते पूर्ण वाळू दिलं की हा त्रास निम्मा होतो.

कूलरचं वेगळं सांगायला हवं. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे उन्हाळाभर पावसाळाच असतो. या दहा महिन्यांत पिना गंजल्या त्या जुलैत नाही, एप्रिलमध्ये, कूलरच्या झोतासमोरच्या फळीवर. गंज लागलेली पिन चिमट्यानं ओढून काढू नका. मधलं पान उघडा, पिनेचे दुमडलेले पाय पातळ बोथट पात्यानं सरळ करा, मग मागून उचला. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घालून मधल्या पानावर गाठ मारा. मुखपृष्ठ घडीवर फाटलं असेल तर आतून पातळ जपानी टिश्यूची पट्टी, मेथिल सेल्युलोजनं किंवा गव्हाच्या स्टार्चच्या पातळ खळीनं. घरच्या कणकेची खळ नको. तिच्यात ग्लूटेन राहतं, ती पिवळी पडते आणि कसरीला मेजवानी होते.

पुठ्ठ्याबद्दल नाराजी आहे. पृष्ठभागावर पीएच पेननं (कागदातलं आम्ल ओळखायचं पेन) रेघ मारली तर जांभळी आली, म्हणजे ठीक. पण पुठ्ठा ब्लेडनं तिरपा कापून गाभ्यावर रेघ मारली तर ती पिवळीच राहिली. वरचा थर कॅल्शियम कार्बोनेटचा, आत साधाच लगदा. असे पुठ्ठे फेकू नका, पण तीनेक वर्षांनी बदलायचे आहेत हे लक्षात ठेवा आणि लेप असलेली बाजू अंकाकडे करा. दोन्ही बाजूंनी लेप असलेले मिळाले तर तेच घ्या. पीएच पेन नसेल तर हळदीचं पाणी चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालत नाही. हळद अल्कलीला लाल होते, आम्लाला पिवळीच राहते, त्यामुळे सगळंच छान वाटतं.

डबा? कोरुगेटेड पुठ्ठा म्हणजे उधईला (वाळवीला) आयतं जेवण. भिंतीला टेकवून ठेवलेल्या डब्याच्या तळाशी श्रावणात मातीची रेघ चढली, अंकांपर्यंत पोचण्याआधी दिसली म्हणून निभावलं. लोखंडी रॅक, भिंतीपासून वीतभर लांब, सर्वांत खालचा कप्पा रिकामा, आणि त्यावर झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, एवढं पुरतं. अंक उभे ठेवा, पण दाबून नाही आणि ढिलेही नाही. ढिले असले की कमान होते. टिनाच्या लगेच खाली, माळ्यावर तर कधीच नको. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं आणि वास कागदातून जात नाही. कडुनिंबाचा पाला टाकायचाच तर खडखडीत वाळलेला, कागदाला न लागेल असा.

कसर आधीच लागलेली असेल तर औषध फवारण्यापेक्षा डीप फ्रीझर बरा. आइसक्रीमवाल्याचा चालतो. अंक पॉलिथिनमध्ये हवा काढून पक्के बांधा, उणे 18 ते 20 अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, म्हणजे पाणी पिशवीच्या बाहेर सुटतं, कागदावर नाही. मध्ये लोडशेडिंगनं फ्रीझर वितळला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. बुरशीवर याचा उपयोग नाही.

भिंतीवर लावायला मूळ अंक वापरू नये, हे दहा महिन्यांत सर्वांत स्पष्ट दिसलं. खिडकीसमोरच्या फ्रेममधल्या दोन अंकांची तांबडी अक्षरं होळीपासून मृगापर्यंत गुलाबट झाली, पिवळा जवळजवळ गेला, निळा आणि काळा तसेच राहिले. छपाईच्या चार शाईंपैकी किरमिजी आणि पिवळी उन्हाला आधी हरतात. त्यामुळे जुन्या अंकाचा रंग किती उडाला ते ठरवायचं तर पोशाखाच्या जांभळ्या-निळ्यावर जाऊ नका, शीर्षकातला लाल आणि अंगाचा रंग पाहा. मुखपृष्ठाची आतली बाजू छापील असेल तर तिच्याशी ताडून पाहा, तिथे ऊन पोचलेलं नसतं.

भिंतीसाठी स्कॅन करून छापील प्रत लावा. स्कॅनर सीसीडी जातीचा असेल तर बरं. स्वस्त, पातळ सीआयएस स्कॅनर यूएसबीवर चालतो, वीज गेली तरी लॅपटॉपवर काम निघतं, पण काचेपासून किंचित उचललेला भाग तो धूसर करतो आणि पिनेजवळची घडी नेमकी तशीच असते. 600 डीपीआय, टिफ, रंगसुधारणा बंद. ए4 चं एक पान सुमारे 100 एमबी होतं, जागा आधी बघा. अंकामागे काळा कागद ठेवा, नाहीतर मागच्या बाजूचं छापील झिरपून दिसतं. छपाईच्या टिंबांमुळे पडद्यावर लाटा दिसतात. त्या घालवणारं डीस्क्रीन मूळ फाइलवर लावू नका, प्रतीवर लावा. मूळ फाइलमध्ये टिंबं हवीतच. सोनाराच्या 10 पट भिंगातून पाहिलं की काळी रेघ सलग दिसते आणि रंग टिंबांत फुटतात. काळ्या अक्षरांतही टिंबं असली तर ते मुखपृष्ठ छापील प्रतीवरून पुन्हा छापलेलं आहे. लाल-निळ्या कडा रेघेबाहेर डोकावत असतील तर तो रजिस्टर (रंगांची जुळणी) हललेला छापखान्याचा दोष आहे, चित्रकाराचा नाही. मुलं ते आधी ओळखतात, गंमत म्हणून.

फोटोफ्रेमच्या प्रती वाचनालयापुरत्याच ठेवा, विकायला काढू नका. हक्क अजून कुणाचे ना कुणाचे आहेत. किशोर मासिकाचे जुने अंक बालभारतीनं स्वतःच ऑनलाइन खुले केले आहेत, त्यांची मुखपृष्ठं पाहायला स्कॅनरची गरजही नाही.

गुण द्यायचे तर पाकिटाला पाचपैकी चार, एक गुण चिकटपट्टीनं खाल्ला. पुठ्ठ्याला अडीच. डब्याला एक, तोही आता त्यात पाकिटांचे रिकामे गठ्ठे ठेवले आहेत म्हणून.

राहिली नोंद. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला, अंक आत घालण्याआधी, 2बी पेन्सिलीनं लिहा. बॉलपेननं लिहिलं तर दाब उमटतो, आणि अंक आत असताना लिहिलं तर तो दाब मागच्या पृष्ठावर जातो. मालिका, अंक क्रमांक, महिना-वर्ष, किंमत, मुखपृष्ठाचा चित्रकार. आणि चित्रकाराच्या नावापुढे कंसात एक अक्षर: स म्हणजे सही दिसली, श्र म्हणजे आत श्रेय आहे, अं म्हणजे शैलीवरून अंदाज. तूर्त रॅकवरच्या निम्म्याहून जास्त पुठ्ठ्यांवर ‘अं’ आहे.