डीसी मोटारीचे इलेक्ट्रोग्राफाइट ब्रश: पैसे वसूल, पण पिगटेल तपासा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या जुन्या डीसी मोटारींना साधा कार्बन ब्रश (फिरत्या भागाला घासत करंट पोचवणारा ठोकळा) लावू नका, इलेक्ट्रोग्राफाइटच मागा. भट्टीत रचलेल्या कार्बनमधून नि भोवतीच्या कोकच्या भुकटीतून जबर करंट सोडून तो २५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, तेव्हा विस्कटलेले अणू थरांत बसतात. माल मऊ होतो, करंटही नीट वाहतो, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याचा फिरता भाग) कमी झिजतो.

बसवताना काचपेपर कम्युटेटरवर गुंडाळा, खरखरीत बाजू ब्रशकडे, नि फिरवून ब्रशचे तोंड त्या गोलाईत घासून घ्या. एमरी पेपर नकोच, त्याचे कण तांब्यात रुततात. मग भुकटी फुंकून काढा. ब्रश होल्डरमध्ये अडकला की ठिणग्या उडणारच. कम्युटेटरवर चॉकलेटी झाक आली तर पुसू नका, ती हवीच असते.

तक्रार एकच: काही नगांत पिगटेल (ब्रशला जोडलेली तांब्याची लवचीक वायर) ढिली निघते. दुकानातच ओढून बघा.