नऊ-दहा वर्षांच्या मुलाला काय घ्यावं : फोल्डस्कोप की मायक्रोबिट?

आमच्या नौपाड्यातल्या घरात या दोन्ही वस्तू आहेत आणि भाच्याने दोन्ही पुरेशा पिदडल्या आहेत. बोलणारा रोबो आणि 'शैक्षणिक' टॅब मी आधीच बाद केले होते. रोबोची वाक्यं ठरलेली, आठवड्याभरात मूलच ती त्याच्याआधी म्हणून दाखवतं. आणि टॅबवर शेवटी काय बघितलं जातं, ते आपल्याला ठाऊक आहे.

फोल्डस्कोप म्हणजे कागदाचा सूक्ष्मदर्शक. स्टॅनफर्डचे मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला, २०१४ पासून गाजतोय. घड्या घालून मुलानेच तो जोडायचा. मधे इवलंसं गोल भिंग, त्यातून वस्तू साधारण १४० पट मोठी दिसते. चार्जिंगची भानगड नाही. उजेडाकडे धरायचा आणि डोळा लावायचा.

पावसाळ्यात ठाण्यात बघायला काय कमी आहे? सोसायटीच्या भिंतीवरचं शेवाळ, रावसाचा खवला, कांद्याचा पापुद्रा (पेशी अगदी विटा रचल्यासारख्या दिसतात). उपवन तलावातून बाटलीत पाणी आणलं, त्यातल्या एका थेंबात काहीतरी झरकन आडवं पळालं. "मावशी, हे जिवंत आहे!" काय होतं ते मला सांगता आलं नाही. मग त्याने चित्र काढलं, शाळेतल्या बाईंना दाखवलं आणि घरी येऊन मलाच शिकवलं.

एवढं मात्र आहे, की फोकस जमायला चिकाटी लागते. हात हलला की सगळं धूसर. पहिल्या दोन-तीन वेळा मोठ्या माणसाने शेजारी बसायलाच हवं. लोहचुंबकाने तो मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटवला, की दोघांना एकदम बघता येतं.

मायक्रोबिटची जातकुळी वेगळी. पत्त्याच्या पानाहून लहान, उघडी सर्किटची पाटी. तिच्यावर २५ बारीक दिवे, दोन बटणं आणि हालचाल, तापमान ओळखायची सोय. २०२० च्या आवृत्तीपासून स्पीकर आणि माइकही आहे. बीबीसीच्या पुढाकाराने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना ती फुकट वाटली गेली. कॉम्प्युटरवर मेककोड नावाच्या वेबसाइटवर रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचा आणि पाटीत पाठवायचा.

भाच्याने आधी फासा केला : पाटी हलवली की आकडा. मग पावलं मोजायचं यंत्र. पाटी पोटरीला बांधून तलावपाळीला चक्कर मारली. मी तोंडी मोजत होते. दोन्ही आकड्यांचा मेळच बसेना. घरी येऊन बघतो तर पाटी टेबलावर स्थिर असतानाही हजाराच्या आसपास जोर दाखवते. का? तर हालचाल ओळखणाऱ्या भागाला गुरुत्वाकर्षणही जाणवतं. त्या एका 'का'पायी रविवार गेला. मला विचाराल तर पैसे तिथेच वसूल झाले.

खर्चाचं म्हणाल तर फोल्डस्कोप शेकड्यांत येतो, मायक्रोबिट हजारांत. वर घरात कॉम्प्युटर हवा. नुसती पाटी घेऊ नका, बॅटरीचा डबा आणि केबल असलेला संच घ्या. आम्ही घरातली जुनी केबल लावली; ती फक्त चार्जिंगची निघाली, डेटा जाईना, संध्याकाळ वाया. पुढे मोटर, क्लिपा वगैरे लागल्या तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठायचा. मुलाला तो बाजार दाखवणं हीदेखील एक सहलच.

घेण्याआधी एक करा. मेककोड ब्राउझरमध्ये फुकट चालतो आणि पडद्यावर खोटा मायक्रोबिटही असतो. मुलाला आठवडाभर त्यावर खेळू द्या. तिसऱ्या दिवशी कंटाळला तर हजार रुपये वाचले समजा.

बागेत दगड उचलून खाली काय आहे ते बघणारं मूल असेल, तर फोल्डस्कोप. टीव्हीचा रिमोट उघडून ठेवणारं असेल, तर मायक्रोबिट. दोन्ही करत असेल आणि घरात कॉम्प्युटर नसेल, तर मी बिनदिक्कत फोल्डस्कोप घेईन.

घरात लहान भावंडं असतील तर बटणासारखे चपटे सेल असलेली खेळणी टाळा, निदान सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं बघा; गिळलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्यांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेही तपासा.

खालच्या मजल्यावरच्या सहा वर्षांच्या चिमुरडीसाठी विचाराल, तर यातलं काहीच नको. तिला मी साधं हातभिंग आणि टॉर्च दिलाय.