वरणातली गोळी की हातावरची गोळी?

"भाऊ, त्यास्ले कयाले नको, असं काही दे."

अमळनेरला मेडिकल चालवतो त्याला बावीस वर्षं झाली. हे वाक्य दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येतं, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसताना. बाई आधी डोकेदुखीची गोळी मागते, मागे वळून बघते, मग आवाज खाली आणते. नवऱ्याची दारू सोडवायची आहे आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. कधी भावासाठी बहीण येते, कधी मुलासाठी म्हातारी आई. गोळीचं नावही हल्ली मोबाइलवरून माहीत असतं: डायसल्फिराम.

चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. चिठ्ठी असली तरी ज्याच्या पोटात जाणार त्याला माहीत आहे का, हे विचारतो. पण नुसत्या "नाही"ने समोरच्या बाईचं भागत नाही. तिला काहीतरी करायचं असतं आणि तेही आज. तिच्यापुढे रस्ते कोणते आणि कोणत्या रस्त्यावर काय मोजावं लागतं, हे काउंटरवर पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितोय.

न सांगता दिलं तर

दारू पोटात गेली की शरीर आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य करतं आणि मग एक एन्झाइम ते मोडून टाकतं. डायसल्फिराम त्या एन्झाइमलाच अडवते. विष अंगात साठतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. हा गुण सापडला तोही नकळत. कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघं जंतांवरचं औषध म्हणून या गोळ्या स्वतःवर आजमावत होते. त्या दिवसांत थोडी दारू घेतली आणि आजारी पडले. १९४८ साली त्यांनी ते जगापुढे मांडलं. गोळी आपल्या हाताने घेतलेल्या शास्त्रज्ञांनाही सुरुवातीला काय होतंय ते उमगलं नव्हतं. मग ज्याला गोळीच माहीत नाही, त्याने काय समजायचं?

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या गावातल्या एका बाईने कुठूनतरी गोळ्या मिळवल्या. बत्त्याने कुटून त्याची पूड वरण-बट्टीच्या वरणात कालवायची. तिसऱ्या दिवशी नवरा बाजारात पिऊन कोसळला. हृदयाचं दुखणं होतं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्यात वाचला. पण पिठाच्या डब्यामागे त्याला गोळ्यांची पट्टी सापडली. पुढे वर्षभराने ती दुकानात आली तेव्हा म्हणाली, "आता ताटातला पहिला घास मला खावा लागतो. मग ते जेवतात." दारू चालूच होती.

हे ऐकल्यावरही काही जणी मला विचारतात, लेकराला गुळात कालवून औषध देतोच ना? देतो. पण लेकराच्या वतीने ठरवायचा हक्क आपल्याला असतो, कारण त्याला अजून ठरवता येत नाही. प्रौढ माणसाच्या बाबतीत कायदाही आडवा येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक विकारही येतात, आणि तिथे उपचाराचा पाया रुग्णाची माहितीपूर्वक संमती हाच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्याला आपण काय सोडलं हेच माहीत नाही, त्याच्यापाशी उद्या टिकवण्यासारखं काही नसतं. वरणात गोळी पडायची थांबली की सगळं पहिल्यासारखं.

तीच गोळी, पण हातावर

हीच डायसल्फिराम माणसाने समजून घेतली तर मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. कापसाचे पैसे हातात येताच बायकोच्या खात्यावर टाकणारे शेतकरी मी बघितले आहेत. संध्याकाळी पाय कुठे वळतील हे त्यांना माहीत असतं, म्हणून दुपारीच ते स्वतःची वाट बंद करतात. सकाळी शुद्धीत घेतलेली गोळी तसंच काम करते. भीती तीच, अंगावर येणारा त्रासही तोच, पण कुंपण त्याने स्वतः घातलेलं असतं.

अटी मात्र कडक आहेत. शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास गेल्याशिवाय पहिली गोळी नाही. आधी हृदय आणि यकृताची तपासणी. गोळी बंद केल्यावरही चौदा दिवसांपर्यंत दारू अंगावर येऊ शकते. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, आणि जुलाबासाठी सर्रास घेतली जाणारी मेट्रोनिडाझोल या गोळीबरोबर चालत नाही. हे ज्याला सांगितलेलं नाही तो यातलं काय सांभाळणार? घरातल्या कुणाच्या तरी समोर रोज गोळी घेतली तर ती जास्त लागू पडते. एकट्यावर सोडली की आठवड्याभरात पट्टी कपाटात पडते.

ओढ कमी करणारी गोळी

नाल्ट्रेक्झोनबद्दल आपल्याकडे फार कमी लोक विचारतात. खरं तर आधी हिच्याबद्दल विचारायला हवं. अमेरिकेत १९९४ साली दारूच्या व्यसनासाठी तिला मान्यता मिळाली. ती प्यायल्यावर त्रास देत नाही. दारूतून मिळणारी मजा मेंदूत जिथे उमटते तिथे ती आड येते आणि हळूहळू ओढ उतरते. अजून पूर्ण सोडायची तयारी नसलेल्या माणसालाही डॉक्टर ती सुरू करू शकतात. डायसल्फिरामचं तसं नाही. नाल्ट्रेक्झोनने प्रत्येकालाच गुण येतो असं नाही, यकृत तपासावं लागतं, आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं चालू असतील तर ती देता येत नाही.

अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. या गावात राहतो म्हणून की काय, मला या दोन गोळ्यांमधला फरक निव्वळ औषधांचा वाटत नाही. औषधाने माणसाचं वागणं सुधारावं का, यावर तत्त्वज्ञांमध्ये मोठा वाद आहे. इंग्मार पेर्सन आणि ज्युलियन सव्हुलेस्कू यांनी २००८ साली मांडलं की माणसाच्या हातातली ताकद त्याच्या नीतीपेक्षा फार पुढे गेली आहे, तेव्हा नीती वाढवणारी औषधं सापडली तर ती वापरायलाच हवीत. जॉन हॅरिस यांचं उत्तर असं की ज्याला चुकताच येत नाही, त्याच्या चांगलं वागण्याला अर्थ राहत नाही.

मला हॅरिस पटतात, पण दारूच्या बाबतीत अर्धेच. रोज सहाला ज्याचे पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात, त्याला चुकायचं स्वातंत्र्य आहे असं कसं म्हणू? ते दारूने कधीच काढून घेतलं. नाल्ट्रेक्झोन त्यातलं थोडं परत देते, मग प्यायची की नाही हे त्याचं तो ठरवू शकतो. सांगून घेतलेली डायसल्फिराम त्याने एकदा ठरवलेलं धरून ठेवायला मदत करते. वरणातली गोळी यातलं काहीच करत नाही.

मोबाइल आणि मशीन

रावेरहून केळी घेऊन उत्तरेला जाणाऱ्या गाडीवर जीपीएस असणं रास्त आहे. चालकाने श्वासाच्या मशीनमध्ये फुंकणंही रास्त, कारण रस्त्यावर दुसऱ्यांचे जीव आहेत. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि गाडी हाकणाऱ्या सगळ्यांना ती सारखीच. घरात नवऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप लोकेशनचं ॲप टाकणं मात्र वरणातल्या गोळीचंच भावंड. कुठे गेला ते कळतं, पिणं थांबत नाही, आणि रोज रात्री भांडायला एक नवा पुरावा मिळतो.

माळ आणि शपथ

यंत्र आणि औषध नव्हतं तेव्हाही खान्देशात दारू सुटलेली आहे. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आदिवासींमध्ये 'आप की जय' म्हणत लोक जोडले. लहान-मोठा भेद न करता एकमेकांना 'आप' म्हणायचं, आरतीला यायचं, दारू सोडायची. हजारोंनी सोडली. त्यात मला सगळ्यात मोलाचं 'आप' वाटतं. ज्याला आयुष्यभर कुणी आदराने हाक मारली नाही, त्याला आधी मान मिळाला आणि त्याच्यासोबत सोडायची गोष्ट आली. राळेगणसिद्धीत पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णा हजारेंनी स्वतः सांगितलं आहे. गाव सुधारलं हे मान्य. तरी मला निवडायचं असेल तर मी मोरवडची वाट निवडीन.

आपल्या गावात माळ घातलेला माणूस बियरबारसमोरून जाताना लोक बघतात, आणि ते त्याला पुरतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाची बैठकही अशीच, फक्त तिथे बसलेल्या प्रत्येकाने तेच भोगलेलं असतं. उणीव एवढीच की शपथ मोडल्यावर येणारी लाज माणसाला पुन्हा गुत्त्यातच ढकलते. म्हणून माळेबरोबर गोळी असली तर त्यात माळेचा अपमान नाही, असं मी माळकऱ्यांनाही सांगतो.

मग कोणी काय करावं

जो सकाळी उठल्याउठल्या पितो, नाही प्यायला तर हात कापतात, त्याची दारू घरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी दवाखाना. जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. तिथवर जायची हिंमत होत नसेल तर १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत नंबरवर आधी बोला, घरच्यांनीही.

जो अधूनमधून "सोडायचीये पण जमत नाही" म्हणतो, त्याच्यासाठी डॉक्टरांना नाल्ट्रेक्झोनबद्दल विचारा. ज्याने ठरवलंय पण संध्याकाळची भीती वाटते, त्याच्यासाठी सांगून दिलेली डायसल्फिराम. जो ऐकूनच घेत नाही, त्याच्यासाठी माझ्यापाशी गोळी नाही. तिथे आधी त्याच्याशी बोलू शकेल असा माणूस शोधा, मामा, जुना दोस्त, कीर्तनकार, कुणीही.

आणि घरात मारहाण होत असेल तर या सगळ्याच्या आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. दारू सुटूनही हात उचलणारे पुरुष मी बघितले आहेत. त्या हातावर कुठल्याच कंपनीची गोळी नाही.

एक जोडपं दर महिन्याच्या पाच तारखेला दुकानात येतं. चिठ्ठी तो काढतो, पैसे ती देते. परवा तो एकटाच आला. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पारोळ्याला गेलेली. मी पट्टी देताना थांबलो, तर त्याला कळलं. "सकाळी सातला व्हिडिओ कॉल लावतो," म्हणाला. "गोळी जिभेवर ठेवतो, पाणी पितो, तोंड उघडून दाखवतो. मग ती नातवाला दाखवते."

कॉल कोण लावतं, मी विचारलं.

"मीच."